सरवा आणि मजुरी

आजचं वाचन : लेवीय १९:९-१८
सोबत वाचा : अनुवाद २४:१४-१५, रूथ अध्याय २, याकोब ५:१-६



लेवीय पुस्तक आलं की आपल्यापैकी बरेच जण पानं भरभर उलटतात. अर्पणं, शुद्ध-अशुद्ध, याजकांची वस्त्रं, हे सगळं आपल्या रोजच्या आयुष्यापासून लांबचं वाटतं. पण आजच्या उताऱ्याचा शेवट बघा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही आज्ञा इथलीच आहे. प्रभू येशूने ती सर्वांत मोठ्या आज्ञेच्या जोडीला ठेवली (मत्तय २२:३९). संडे स्कूलपासून आपण ती पाठ म्हणत आलोय. तिच्या आधीची नऊ वचनं मात्र क्वचितच वाचतो, आणि शेजाऱ्यावर प्रीती करायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते तर त्या नऊ वचनांतच सांगितलंय.

वचन काय सांगतं?

उताऱ्यात गरिबांबद्दल दोन वेगवेगळ्या आज्ञा आहेत.

पहिली, वचन ९ आणि १०. पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत कापू नका, खाली पडलेलं वेचू नका, द्राक्षमळा झाडून-पुसून नेऊ नका. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. कापणीनंतर शेतात उरलेल्या, पडलेल्या कणसांना आपल्याकडे ‘सरवा’ म्हणतात. शहरात वाढलेल्यांना हा शब्द नवा असेल, पण मराठवाड्यात आजी-आजोबांना विचारा. ज्वारीची काढणी झाली की ज्यांच्याकडे शेत नाही त्या बायका सरवा वेचायला जात. रूथने बवाजाच्या शेतात केलं ते हेच.

दुसरी आज्ञा वचन १३ मध्ये आहे. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेऊ नका. त्याच वचनात लुबाडण्याची मनाई आहे. म्हणजे देवाच्या हिशोबात मजुरी अडकवणं ‘जरा उशीर झाला’ या सदरात बसत नाही, ते लुबाडण्याच्या शेजारी बसतं. अनुवाद २४ मध्ये कारणही दिलंय : तो गरीब आहे आणि त्याचा सगळा जीव त्या पैशावर लागलेला आहे.

आता दोन गोष्टी लक्षात घ्या.

एक, सरवा ही मालकाची मेहेरबानी नव्हती. कडेचं पीक कापायचा अधिकारच त्याला नव्हता. गरीब माणूस स्वतः येणार, स्वतःच्या हाताने वेचणार. कोणाला द्यायचं हे मालकाने ठरवायचं नाही आणि हातात देऊन उपकार दाखवायचे नाहीत.

दोन, सरवा आणि मजुरी या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्याकडे जमीन नाही, काम नाही, त्याच्यासाठी सरवा. ज्याने काम केलं त्याच्यासाठी मजुरी. मी शेताचा कोपरा सोडतो, मग मजुरी पुढच्या आठवड्यात दिली तर काय बिघडलं, असं म्हणायची सोय शास्त्रात नाही. एक दिल्याने दुसरं फिटत नाही.

आजचं मनन एवढ्याच गोष्टीवर आहे. कारण आपण ख्रिस्ती लोक सरव्यात हुशार आहोत आणि मजुरीत कच्चे. मी तर नक्कीच.

सोन्याचा पाळणा

मी जालन्याचा. आमच्याकडे म्हण आहे, ‘जालना, सोने का पालना’. जुनी बाजारपेठ, कापसाचं जिनिंग-प्रेसिंग, मग बियाण्यांच्या कंपन्या आणि आता स्टील. भंगार वितळवून सळई तयार करणारे कारखाने एमआयडीसीत रात्रंदिवस चालतात. महाराष्ट्रात अनेक इमारतींच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई आहे. तुम्ही पुण्या-मुंबईत ज्या फ्लॅटमध्ये बसून हे वाचताय, त्यातही असेल.

त्या भट्ट्यांपुढे उभे राहणारे बरेच जण बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून आलेले असतात. आणि त्याच जिल्ह्यातून, अंबड, घनसावंगी, मंठा भागातून, दसरा-दिवाळीच्या सुमारास उसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग पूर्ण हंगाम ती फेडत राहायची. म्हणजे इथल्या पाळण्यात सोनं आहे, पण पाळणा हलवणारे हात एक तर बाहेरून आलेत, नाही तर पोटासाठी बाहेर गेलेत.

अशा वेळी चर्चने काय करायचं, हा प्रश्न आपल्या पिढीचा नाही. जालन्यातच तो दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला. ती गोष्ट नीट कळायला मात्र आधी स्कॉटलंडला जावं लागेल, कारण जालन्यात काम करणारं मिशन तिथल्या फ्री चर्चचं होतं.

ग्लासगोचे पाळक आणि एडिनबरोचे डॉक्टर

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्लासगो शहर कापडगिरण्यांमुळे फुगत होतं. २० वर्षांत लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली. खेड्यांतून आणि आयर्लंडमधून माणसं आली, एकेका खोलीत कुटुंबं कोंबली गेली. एकीकडे गिरणीमालकांचे वाडे, दुसरीकडे तापाच्या साथी.

१८१९ मध्ये थॉमस चामर्स नावाचे पाळक तिथल्या सेंट जॉन्स या नव्या पॅरिशमध्ये आले. सुमारे १० हजार वस्ती, बहुतेक कामगार. त्यांनी वस्तीचे २५ भाग केले आणि प्रत्येक भागाला एक डीकन नेमला. प्रेषितांची कृत्ये ६ मधल्या सात सेवकांची आठवण होते ना? डीकनने घरोघर जायचं, नाव-गाव ओळखायचं, काम मिळतंय का बघायचं, नातेवाइकांना-शेजाऱ्यांना जागं करायचं आणि अगदीच गरज पडली तर चर्चच्या दाराशी जमलेल्या अर्पणातून मदत करायची. गरिबाला आधी नावाने ओळखायचं, मग मदतीचं बघायचं. चामर्स यांचं हे शिकवणं आजही सोन्यासारखं आहे.

पण चामर्स यांचं एक म्हणणं असंही होतं की गरिबांसाठी सरकारी कर आणि कायद्याने हक्काची मदत नको, त्याने माणसं परावलंबी होतात, ख्रिस्ती प्रीती पुरेशी आहे. त्यांना एडिनबरोचे डॉक्टर विल्यम ॲलिसन यांनी विरोध केला. ॲलिसन स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती. तापाचे रोगी तपासत आयुष्य गेलेलं. १८४० मध्ये त्यांनी मांडलं की उपासमार आणि ताप हातात हात घालून चालतात, दानावर सोडलं तर फार माणसं सुटून जातात, म्हणून कायद्याने पक्की तरतूद हवी. १८४५ मध्ये स्कॉटलंडमध्ये गरिबांसाठी नवा कायदा झाला.

दोघंही प्रार्थना करणारे होते. माझ्या मते दोघांच्या हातात आजच्याच उताऱ्याचं एकेक टोक होतं. चामर्स यांनी शेजारी ओळखला. ॲलिसन यांना दिसलं की शेताच्या कोपऱ्याचा नियम मालकाच्या मनावर सोडलेला नाही, तो नियमशास्त्रात लिहिलेला आहे.

१८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं आणि फ्री चर्च निघालं. चामर्स त्याचे पुढारी होते. त्याच वर्षी मुंबईत त्याच चर्चच्या मिशनऱ्यांकडे शिकणाऱ्या एका ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचं नाव नारायण शेषाद्री.

बेथेल

रेव्हरंड नारायण शेषाद्री यांची १८५४ मध्ये दीक्षा झाली. पुढे ते निजामाच्या राज्यात, जालन्यात कामाला आले. त्यांच्याकडे जे विश्वासात आले ते बहुतेक मातंग आणि महार समाजातले होते. त्या लोकांची गावातली स्थिती आठवा. गावाची कामं करायची आणि बदल्यात दारोदार फिरून भाकर-तुकडा, खळ्यावरचं धान्य घ्यायचं. मोजून मजुरी नाही आणि वर शिवाशीव. म्हणजे गावाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त सरव्यावर ठेवलं होतं. सरवा वाईट नाही. पण एखाद्या माणसाने आणि त्याच्या लेकराने, नातवानेही कायम सरवाच वेचायचा असं ठरवून टाकलं की त्याला दया म्हणता येत नाही.

शेषाद्री यांना शिधावाटप करून थांबता आलं असतं. त्यांनी जमीन मागितली. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून ती मिळाली आणि जालन्याजवळ एक नवं गाव वसलं. नाव ठेवलं बेथेल, म्हणजे देवाचं घर. शेती, शाळा, हातकाम आणि मध्यभागी उपासना. एका ब्राह्मण घरात जन्मलेला माणूस गावकुसाबाहेरच्या लोकांबरोबर एक गाव उभारतो, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेलाही ते गेले होते.

सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. मिशनच्या आधाराने वसलेल्या आपल्या अनेक मंडळ्यांना पुढे साहेबाकडे बघायची सवय लागली, ती मोडायला पिढ्या गेल्या. आणि ‘भाकरीसाठी ख्रिस्ती झाले’ हा टोमणा तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. मी कॉलेजात ऐकलाय. तेव्हा लाज वाटली होती. आता वाटत नाही. ज्यांना गावाने उष्ट्यावर ठेवलं, त्यांना ज्या देवाच्या नावाने नांगर धरायला मिळाला, त्या देवाकडे ते गेले. यात लाजायचं कोणी?

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनीही हेच केलं. उपाशी मुलींना केडगावला आणलं, जेवू घातलं आणि तिथे न थांबता विणकाम, छपाई, शेती शिकवली. आधी भाकर, मग भाकर मिळवायचं बळ. सरवा आणि मजुरी, दोन्ही.

८ मे २०२०

बेथेल हे नाव उत्पत्ती २८ मधून येतं. याकोब घर सोडून लांबच्या प्रवासाला निघालाय, सूर्य मावळला, निवारा नाही, उशाला दगड घेऊन तो तिथेच झोपतो. आणि त्याला कळतं की देव या ठिकाणीही आहे.

८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून निघालेले मजूर असेच वाटेत झोपले होते, रेल्वेच्या रुळावर. जालन्यात स्टीलच्या कामावर असलेले, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले तरुण. लॉकडाऊनमध्ये काम बंद. भुसावळहून गावाकडे गाडी मिळेल या आशेने ते रुळाच्या कडेने चालत निघाले, गाड्या बंद आहेत असं समजून करमाडजवळ आडवे झाले. मालगाडी आली. १६ जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा तो फोटो तुम्ही पाहिला असेल.

मी तो पुण्यात, घरून काम करताना, मोबाइलवर पाहिला. आदल्याच आठवड्यात आमच्या तरुण संघाने जालन्यातल्या मजुरांसाठी धान्याचे किट पाठवले होते. मी ५ हजार रुपये दिले होते आणि स्टेटसही ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही व्हिडिओ कॉलवर कौटुंबिक प्रार्थना केली. माझी आजी जालन्यात. प्रार्थना झाल्यावर ती सहज म्हणाली, “त्या मजुरांसाठी रडायलास ते बरंय रे बाळा. तुझ्याकडं पोळ्या करायला मावशी यायच्या ना? त्यांचा पगार दिलास का?”

मी गप्प.

आमच्या सोसायटीने मार्चमध्ये गेट बंद केलं होतं. मी मावशींचे मार्चचे १० दिवस कापले होते आणि एप्रिलचं काहीच दिलं नव्हतं. काम नाही तर पगार नाही, हा हिशोब मला सरळ वाटला होता. माझा स्वतःचा पगार मात्र घरी बसून पूर्ण येत होता. आणि खरं म्हणजे मावशींनी काम बंद केलं नव्हतं, गेट आम्ही बंद केलं होतं.

मी लगेच फोन लावला. म्हटलं, “मावशी, तुमच्या मुलाच्या नंबरवर थोडे पैसे पाठवतोय.”

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “दादा, ही मदत हाय का पगार? मदत असंल तर पुढं कापून घ्याल. पगार असंल तर माझा मी घेते.”

मी म्हटलं, “पगार आहे मावशी. द्यायला उशीर झाला, चुकलं माझं.”

“मग पाठवा,” त्या म्हणाल्या. आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं.

आजचा उतारा मला त्या फोनवर समजला. १० हजार कमेंटऱ्या वाचून समजला नसता. जालन्यातल्या अनोळखी मजुरांसाठी मी शेताचा कोपरा सोडला होता आणि माझ्या दाराशी आलेल्या बाईची मजुरी सकाळ होऊनही माझ्या खात्यात पडून होती. १६ जणांसाठी मी काही करू शकलो नसतो, कदाचित. पण वचन १६ शेजाऱ्याच्या जिवावर बेतलं असता स्वस्थ उभं राहू नका म्हणतं, आणि माझा शेजारी कोण, हे मी सोयीने लांबचा निवडला होता.

आज आपण काय करायचं?

मित्रांनो, अर्पण, दशमांश, नाताळला ब्लँकेट वाटणं, हे काहीही बंद करू नका. सरवा ही देवाचीच आज्ञा आहे. पण आज या गोष्टीही करा.

१. यादी करा. आज माझ्या घरात कोणाकोणाचे कष्ट आले? स्वयंपाकाच्या मावशी, वॉचमन, कचरा नेणारे, इस्त्रीवाले, डिलिव्हरीचा मुलगा. यातल्या किती जणांचं नाव मला माहीत आहे? चामर्स यांच्या डीकनसारखी सुरुवात नावापासून करा.

२. पगाराची तारीख पाळा. स्वतःचा पगार एक दिवस उशिरा आला तर आपण एचआरला मेल करतो. मावशी मेल कोणाला करणार?

३. सुट्टीचे पैसे कापू नका. आठवड्याच्या विश्रांतीच्या आज्ञेत दास-दासीही आहेत (अनुवाद ५:१४). रविवारी आपण उपासनेला जातो तेव्हा त्यांनाही सुट्टी असते का?

४. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडा. वॉचमन एजन्सीमार्फत येतात. त्यांच्या हातात किती पडतं, पीएफ भरला जातो का, ड्युटी ८ तासांची की १२, हे विचारायला कोणी तरी हवं. ते काम ॲलिसन यांच्या जातीचं आहे, कंटाळवाणं आणि कागदी. पण मजुरीचा न्याय बऱ्याचदा कागदावरच होतो.

५. कोपरा आधी सोडा. महिनाअखेर उरलं तर देऊ, असं म्हटलं की उरत नाही. पगार आला त्याच दिवशी गरिबांचा वाटा बाजूला काढा. कापणीच्या आधीच कोपरा ठरलेला असायचा.

आणि एक सावधगिरी. वचन १५ म्हणतं की न्याय करताना गरिबाचीही तरफदारी करू नका, श्रीमंताचीही भीड धरू नका. म्हणजे हे सगळं भावनेच्या भरात करायचं नाही. ज्याचं जे आहे ते त्याला द्यायचं. मावशींनी माझ्याकडे दया मागितली नव्हती. हिशोब मागितला होता.

बवाजाकडे परत एकदा बघा. त्याने रूथसाठी मुद्दाम काही कणसं पेंढ्यांतून टाकायला सांगितली. पण तिथे तो थांबला नाही. शेवटी तो वेशीवर, वडीलजनांसमोर गेला आणि तिच्या घराण्याची जमीन सोडवली. रूथची गोष्ट सरव्याने सुरू होते आणि वेशीवरच्या न्यायाने पूर्ण होते. त्याच घराण्यात पुढे दावीद जन्मला आणि त्याच वंशात आपला प्रभू.

मननासाठी प्रश्न

* माझ्याकडे आज कोणाची मजुरी अडकून आहे का? पैसे, पोचपावती, शिफारसपत्र, दिलेला शब्द?
* मी ज्याला ‘मदत’ म्हणतो, त्यातलं किती खरं तर त्यांचा हक्क आहे?
* आमची मंडळी फक्त वाटप करते, की कोणाला पायावर उभंही करते?

प्रार्थना

हे प्रभू परमेश्वरा, शेत तुझं आहे, आम्ही फक्त कापणारे आहोत. ज्यांची मजुरी आम्ही रोखली त्यांचा आवाज तुझ्या कानी गेला आहे, हे आम्ही विसरलो. आम्हाला क्षमा कर. रुळांवर, रस्त्यांवर, उसाच्या फडात आणि भट्ट्यांपुढे झोपणाऱ्यांच्या उशाशी तू याकोबासारखा उभा राहा. करमाडजवळ ज्या घरांतले तरुण गेले, त्या घरांना तू विसरू नकोस. आणि आज सूर्य मावळण्याआधी आम्हाला एक तरी देणं फेडायला लाव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचं वाचन : रूथ अध्याय ४. वेशीवर नेमकं काय घडलं ते उद्या सावकाश बघू.

तोवर, ज्यांना फोन करायचाय त्यांना आजच करा. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो.